खिडकीवरून परतणारे रुग्ण

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, रुग्णालयातील सर्वांत अवघड जागा म्हणजे केसपेपरची खिडकी. शस्त्रक्रियागृहात माणूस निदान भूल घेऊन तरी जातो, खिडकीपाशी मात्र त्याला पूर्ण शुद्धीवर, मागे ताटकळणाऱ्या वीस-पंचवीस जणांच्या देखत, आपले नाव, वय, लिंग आणि ‘सोबत कोण आहे’ हे सारे मोठ्याने सांगावे लागते. ज्याचे चारही जबाब सरळ असतात त्याला ही खिडकी पुढे कधी आठवतही नाही. ज्याचा एखादा जबाब रकान्यात बसत नाही तो मात्र आजारापेक्षा या खिडकीलाच अधिक भितो, आणि ते भय किती महागात पडते हे मी जवळून पाहिले आहे.

एका श्रावणात मांडीवर मोठे गळू झालेल्या एक तृतीयपंथी बाई रांगेत उभ्या होत्या. (त्यांना मी बाई म्हणतो, कारण त्या स्वतःला तसे म्हणत.) आधारकार्डावर नाव पुरुषाचे, अंगावर हिरवी साडी. कारकुनाने कार्ड पाहिले, चेहरा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिले आणि लिंगाचा रकाना कोरा ठेवून कागद सरकवला. पुढे शिपायाने ते पुरुषी नाव, मागे ‘राव’ जोडून, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारले. बाई उठलेल्या पाहताच बाकावरून कोणीतरी ‘बाई की बाप्या?’ असे विचारले आणि हशा पिकला. बाई उठल्या त्या डॉक्टरांच्या खोलीकडे न वळता थेट फाटकाबाहेर गेल्या. एकोणीस दिवसांनी त्यांच्या गुरूंनी त्यांना रिक्षात घालून आणले तेव्हा अंगात सणसणून ताप होता, रक्तातील साखर चारशेच्या घरात होती, आणि जे काम पहिल्या दिवशी एका चिरेने भागले असते त्यासाठी दोन शस्त्रक्रिया आणि सहा आठवड्यांचा मुक्काम लागला. आपल्याला मधुमेह आहे हेही त्यांना त्याच वेळी कळले. दप्तरात ‘उशिरा दाखल’ असा शेरा पडला. तो उशीर कोणी घडवला हे लिहिण्यासाठी त्या नमुन्यात जागा नव्हती.

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी अशा ज्या साऱ्यांना हल्ली एलजीबीटीक्यू या लांबलचक इंग्रजी अक्षरमालेत एकत्र ओवतात, त्यांच्या अनारोग्याचे मूळ त्यांच्या शरीरप्रकृतीत शोधणे ही आपली जुनी खोड आहे. देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ०.२ च्या आसपास असताना, २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ते पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांत शेकडा ३.३ च्या आणि तृतीयपंथीयांत शेकडा ३.८ च्या सुमारास आढळले. हे आकडे वाचून नाक मुरडण्यापूर्वी एवढे आठवावे की, १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमातून प्रौढांचे संमतीचे खाजगी संबंध वगळीपर्यंत, अशा पुरुषाने डॉक्टरांना खरे कारण सांगणे म्हणजे स्वतःच्या तोंडाने गुन्ह्याचा कबुलीजबाब देणे होते. मनाच्या आजारांचेही तसेच. रोजच्या उपहासाने, लपवालपवीने आणि ‘आता कोणी ओळखेल काय’ या अखंड धास्तीने मनावर जो जादा भार पडतो, त्याची मांडणी इलन मायर या अमेरिकेतील अभ्यासकांनी २००३ मध्ये केली; परंतु ज्याने रोज घरात शिरताना चाल आणि आवाज बदलला आहे त्याला ती समजण्यास ग्रंथाची गरज पडत नाही.

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद स्त्री वा पुरुष या रकान्यांऐवजी ‘इतर’ या रकान्यात झाली. समलिंगी स्त्रीपुरुषांची तर गणतीच झालेली नाही. हा लेख या साऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

रुग्णालयात जाताना पहिली तयारी कागदांची करावी. आधारकार्ड, जुने केसपेपर, चालू औषधांची पाकिटे (नुसती नावे सांगू नयेत, पाकिटेच न्यावीत) आणि एक लहानशी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. चिठ्ठीवर दोन ओळी पुरतात: ‘कागदावरचे नाव अमुक आहे. हाक मारताना कृपया तमुक नावाने, किंवा नुसत्या केसपेपर क्रमांकाने मारावी.’ तोंडाने सांगताना जी जीभ अडखळते ती चिठ्ठी सरकवताना अडखळत नाही, आणि कारकुनालाही, तो स्वभावाने वाईट नसेल तर, चारचौघांत प्रश्न विचारण्याचा प्रसंग टळतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाची खोली असते; खिडकीची धास्ती वाटत असेल तर आधी तिथे जावे. एकट्याने जाऊ नये. पुण्या-मुंबईकडच्यांना आणखी एक सोय आहे: मुंबईत १९९४ पासून ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यात २००२ पासून ‘समपथिक ट्रस्ट’ या संस्थांनी याच लोकांच्या आरोग्याचे काम केले आहे; कोणते डॉक्टर रुग्णाला माणूस म्हणून वागवतात ही माहिती फलकावर मिळत नाही, ती अशा संस्थांतच मिळते. २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला हे चांगलेच झाले. परंतु गडचिरोलीत छातीत कळ आली तर मुंबई गाठता येत नाही, म्हणून जवळच्या रुग्णालयाशी ओळख ठेवणे कोणालाच चुकत नाही.

ओळखीच्या दाखल्याविषयी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांच्या स्वतःच्या ओळखीला मान्यता दिली, आणि त्यांच्याविषयीचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात येऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दाखला देण्याची व्यवस्था झाली. अशा कायद्यांचे नियम अधूनमधून बदलतात; म्हणून कोणा मित्राने तीन वर्षांपूर्वी कसा अर्ज केला यावर न विसंबता, अर्जापूर्वी समाजकल्याण कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावा. दाखला योजनांना, बँकेला, नोकरीला उपयोगी पडतो. गळू फोडायला कोणताही दाखला लागत नाही, आणि तसे कोणी म्हणाल्यास ते लेखी द्या असे नम्रपणे सांगावे. बहुधा त्यानंतर दाखल्याचा आग्रह उरत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर काय बोलावे, हा यापुढचा आणि माझ्या मते सर्वांत नाजूक भाग. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ ‘लग्न झालंय का?’ असे विचारतात तेव्हा त्यांना लग्नपत्रिकेशी कर्तव्य नसते. शरीरसंबंध आला आहे काय एवढेच त्यांना हवे असते, आणि सभ्यतेच्या आवरणाखाली ते निराळेच विचारतात. जिचा संसार दुसऱ्या स्त्रीबरोबर आहे तिने याला ‘नाही’ असे खरे उत्तर दिले की डॉक्टर तिला कुमारिका समजून तपासणीच करीत नाहीत, आणि ‘हो’ म्हटले की ‘मिस्टर काय करतात, मूल का नाही’ ही पुढची पायरी येते. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका या दोन उत्तरांच्या कात्रीत सापडून अकरा वर्षे त्या खोलीत फिरकल्या नाहीत. अशा वेळी प्रश्नाला नव्हे, त्यामागील हेतूला उत्तर द्यावे: ‘डॉक्टर, माझं लग्न झालेलं नाही; माझे शरीरसंबंध स्त्रीशी आहेत; त्या दृष्टीने कोणत्या तपासण्या कराव्यात?’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू त्वचेच्या निकट स्पर्शानेही पसरतो. तेव्हा पुरुषाशी संबंध नाही म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी नको, हा समज चुकीचा आहे. तिशीनंतर ती प्रत्येकीने करावी, आणि ज्यांना गर्भाशयमुख आहे अशा पारलिंगी पुरुषांनीही करावी. हिशेब शरीरात जे आहे त्याचा करावा. कागदावर काय आहे आणि मनात काय आहे हे दोन्ही त्यापुढे गौण.

पुरुषांच्या बाबतीत ‘लग्न’ या शब्दाची जागा ‘मूळव्याध’ हा शब्द घेतो. गुदद्वारापाशी चामखीळ, जखम किंवा स्राव झाला की लाजेपायी मूळव्याधीचे नाव सांगायचे, मग गल्लीतल्या कोणा ‘स्पेशालिस्ट’कडे क्षारसूत्र नाही तर मलम घ्यायचे, आणि आत उपदंश किंवा परमा मुरत ठेवायचा, ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मला आता पाठ झाली आहे. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ या गुप्तरोगांच्या खोलीत ‘मागून संबंध येतो’ एवढे तीन शब्द सांगितले तरी योग्य तपासणी होते; तिथल्या समुपदेशकाला ते नवीन नसते. असुरक्षित संबंध घडला असेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणून सोमवारची ओपीडी उघडेपर्यंत वाट न पाहता रविवारी रात्रीच अपघात विभागात जावे. ब प्रकारची कावीळ होऊ नये यासाठी तीन मात्रांची लस आहे. एचआयव्हीची लागण झालीच असेल तर नियमित औषधांनी रक्तातील विषाणू मोजमापाखाली गेला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही, हे आज निर्विवाद आहे. हे एक वाक्य घरोघर पोचले तरी अर्धे भय कमी होईल. शंका विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

येथे एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या अशाच अडचणीच्या प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत, आणि त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. मराठी माणसाला हे प्रश्न आपल्या भाषेत विचारण्याची सोय तेव्हा होती. आज तोच प्रश्न पडलेला पोरगा लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ या कागदावरचा क्रमांक फिरवतो.

पारलिंगी स्त्रियांनी, आणि विशेषतः डेऱ्यात राहणाऱ्या तृतीयपंथीयांनी, संप्रेरकांबाबत एका गोष्टीचे फार भान ठेवावे. छाती भरावी म्हणून औषधाच्या दुकानातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून, एकीने सांगितल्या दोन तर दुसरीने सांगितल्या चार, अशा मात्रेत त्या महिनोन्‌महिने घेण्याची चाल आहे. या गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तंबाखू किंवा विडी सोबत असेल तर तो आणखी बळावतो. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून झोपू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांची गोष्ट मुळीच लपवू नये. संप्रेरके जरूर घ्यावीत, पण अंतःस्रावतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठराविक मुदतीने रक्त तपासून. पारलिंगी पुरुषांसाठी इतकेच की, टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकते म्हणून त्यांनाही तपासणी चुकवता येत नाही. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे.

आता जोडीदाराचा प्रश्न. एका चाळीत बावीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोन गृहस्थांपैकी एकाला हृदयविकाराचा झटका आला; दुसऱ्याने त्याला आणले, अनामत भरली, रात्रभर जिन्यावर बसून काढली, आणि सकाळी गावाहून आलेल्या पुतण्याला, ज्याने काकाला सहा वर्षांत पाहिले नव्हते, आतली सगळी माहिती मिळाली. हे गृहस्थ मात्र ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘रूममेट’ असे उत्तर देऊन गप्प उभे राहिले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे नात्याचा पुरावा दुसऱ्या कागदांनी उभा करावा लागतो. आणि ते कागद माणूस धडधाकट असतानाच करून ठेवावे लागतात. निदान एक पत्र तरी साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, असे लिहून ठेवावे:

‘मी, खाली सही करणार, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देतो की, माझ्या आजारपणात माझी प्रकृती, तपासण्या व उपचार यांविषयीची सर्व माहिती श्री. अमुक यांना देण्यास माझी हरकत नाही. त्यांना माझे अधिकृत सोबती समजावे, माझ्या कागदपत्रांच्या नकला त्यांच्या हाती द्याव्यात आणि मला भेटण्यास त्यांना प्रतिबंध करू नये.’

‘अधिकृत सोबती’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि तिथे रक्ताच्या नात्याची अट नाही. संमतीच्या सहीबद्दलही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. रुग्ण प्रौढ आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच. प्रौढ रुग्णाऐवजी आईने दिलेली संमतीही सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात ग्राह्य धरली नाही. असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी, २०१८ च्या निकालाने मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सोपे केलेले पूर्वनिर्देशपत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते, आणि त्यात आपल्या विश्वासाच्या माणसाचे नाव घालता येते. मनोविकारासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर सहीने वा अंगठ्याने आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईक असण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने बँकांत संयुक्त खाते व जोडीदाराचे नामनिर्देशन यांना हरकत नसल्याचे स्पष्ट केले, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असे राज्यांना कळवले. या शेवटच्या वाक्याची गरज कोणाला पडू नये. पण ज्याला पडते त्याला ते त्या रात्री शोधत बसायला वेळ नसतो. मृत्युपत्रही त्याच बैठकीत उरकावे. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात.

आईवडिलांना एक विनंती. मुलाने किंवा मुलीने तुम्हाला मनातले सांगितले की ‘डॉक्टरांना दाखवू, बरा होईल’ हा पहिला उद्गार बहुतेकांच्या तोंडून निघतो. त्यात माया असते हे मला ठाऊक आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि ती ‘बदलून’ देण्याचा उपचार करणे हे वैद्यकीय गैरवर्तन ठरेल असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. तेव्हा जो कोणी गोळ्या, झटके, संमोहन किंवा अंगारा देऊन पोर ‘सरळ’ करून देण्याची हमी देतो, तो डॉक्टर असो वा देवऋषी, त्याच्या दारातून परत फिरावे. ‘लग्न लावून द्या, सुटेल’ हा सल्ला तर एकाऐवजी दोन घरे बुडवतो. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, ‘जगून काय करू’ अशी भाषा येऊ लागली, तर मनोविकारतज्ज्ञाकडे अवश्य न्यावे, पण त्या दुःखावर इलाज करण्यासाठी. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा क्रमांक अहोरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा पालकांचा गट आहे. एका आईचे दुसऱ्या आईने ऐकलेले जितके उपयोगी पडते तितके माझ्यासारख्या सरकारी माणसाचे व्याख्यान पडत नाही.

एवढी सारी काळजी घेऊनही कोणी उपचार नाकारला, टिंगल केली किंवा तुमची खाजगी गोष्ट चारचौघांत फोडली, तर तक्रार करावी, आणि ती तोंडी करू नये. मानसिक उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने संमतीविना चाचणी करणे आणि लागण उघड करणे बेकायदा ठरवले आहे, आणि वीस किंवा अधिक माणसे काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. अर्जात विशेषणे कमी आणि तपशील जास्त घालावा: तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, केसपेपर क्रमांक, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि जवळ कोण होते. ‘मला अपमानास्पद वागणूक मिळाली’ या वाक्यावर चौकशी अधिकारी सहज हात झटकतो. ‘सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, खिडकी क्रमांक तीनवर, मला उद्देशून अमुक शब्द उच्चारले’ या वाक्यावर त्याला कोणाला तरी बोलवावेच लागते. अर्ज अधीक्षकांच्या नावे लिहावा. डॉक्टरविरुद्ध असेल तर एक प्रत महाराष्ट्र वैद्यक परिषदेला पाठवावी. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नये. तो बारनिशीत द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह तारखेचा शिक्का मारून घ्यावा, शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारायला सांगावा, आणि ती प्रत आधारकार्डाच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.